समाचाराला जावे तसे

डोंबिवलीच्या पूर्वेकडील एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखाली सरकवून ठेवलेली ती निळी बॅग एप्रिलपासून भरलेलीच होती. टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी २ मे रोजी काश्मीरला निघायचे होते. भिशीचे पैसे आणि निवृत्तीच्या रकमेतला एक भाग एकत्र करून, चार वर्षे पुढे ढकललेला हा बेत त्यांनी एकदाचा पक्का केला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी ती बॅग ओढून बाहेर काढली आणि उघडून दाखवली. लोकरीचे मोजे, शेजारणीकडून मागून आणलेले दोन स्वेटर, काकांची माकडटोपी, गुडघ्यांचे पट्टे, सुंठवड्याची बरणी आणि अगदी वर, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला प्रवासाचा कार्यक्रम. त्या कागदावर पाचव्या दिवसापुढे छापले होते, 'पहलगाम. बैसरन (ऐच्छिक, घोड्यावरून).'

"उघडली की रिकामी करावी लागेल," काकू म्हणाल्या, "म्हणून उघडतच नव्हते."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'उंबरठा' हा विषय कळवला, त्या वेळी माझ्या मनात प्रथम आली ती हीच बॅग. जिथे निरपराध माणसांची हत्या झाली त्या रम्य स्थळी आपण सुट्टीसाठी जावे की न जावे, हा प्रश्न त्यानंतरच्या सहा महिन्यांत मराठी मुलखातील किती घरांत विचारला गेला असेल याची गणती नाही. आणि तो जिथे जिथे विचारला गेला तिथे तिथे त्याचे उत्तर एक तर ईर्ष्येने दिले गेले किंवा धास्तीने. या दोहोंच्या मध्ये काही जागा आहे काय, हे पाहावे म्हणून मी आधी दादरला, मग पहलगामला आणि शेवटी पुन्हा डोंबिवलीला गेलो.

२२ एप्रिल

घटना सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यातच सांगतो. पहलगाम गावापासून पाच-सहा किलोमीटर वर, देवदार-पाइनच्या रानाने वेढलेले बैसरनचे कुरण आहे. तिथे मोटार जात नाही, पायी किंवा घोड्यावरूनच जावे लागते. २२ एप्रिल २०२५ रोजी दुपारी तिथे शस्त्रधारी दहशतवादी शिरले, त्यांनी पुरुषांना त्यांचा धर्म विचारला आणि कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. २६ माणसे गेली. त्यांपैकी सहा महाराष्ट्रातील होती: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचा एक. मृतांमध्ये एक स्थानिक घोडेवालाही होता. पर्यटकांच्या बचावासाठी तो पुढे झाला होता.

डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर अंत्यदर्शनासाठी जो जनसमुदाय लोटला त्यात काका-काकूही होते. गेलेल्यांपैकी कोणाशी त्यांची ओळख नव्हती. परंतु त्याच गावचे, त्याच लोकलने जाणारे आणि त्याच वाण्याकडून सामान भरणारे हे लोक आपण निघायच्या अवघे दहा दिवस आधी त्याच कुरणावर पोचले होते, ही जाणीव त्यांना घेऊन गेली. "दहा दिवसांचा फरक," काका पुन:पुन्हा म्हणत होते. माणसाचे भय आकडेमोडीने नव्हे, तर अशा सान्निध्याने मोजले जाते.

बयाण्याची साखळी

दादरच्या एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात मी एक सबंध दुपार बसलो. तिथले व्यवस्थापक पंचवीस वर्षे या धंद्यात आहेत. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी मला रद्द झालेल्या सहलीचा पैसा कसा फिरतो ते समजावून दिले, आणि ती माहिती मला तरी नवीन होती.

काश्मीरचा आपला हंगाम एप्रिल ते जून. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मराठी मध्यमवर्ग उत्तरेकडे निघतो. त्याची तजवीज मात्र डिसेंबर-जानेवारीतच करावी लागते. श्रीनगर, गुलमर्ग आणि पहलगाम येथील खोल्या बयाणा देऊन अडवून ठेवायच्या, विमानाची सामुदायिक तिकिटे उचलायची, गाड्या ठरवायच्या आणि आचाऱ्यांची तुकडी शिधासामानासह पुढे पाठवायची. आपण भरलेली रक्कम कंपनीच्या तिजोरीत पडून असते असा आपला समज असतो. वास्तविक ती केव्हाच चार ठिकाणी वाटली गेलेली असते. हॉटेलवाल्याने तिच्यातून भिंती रंगवलेल्या असतात आणि नोकरांना उचल दिलेली असते. गाडीवाल्याने बँकेचा हप्ता भरलेला असतो. अशा वेळी एका रात्रीत सगळ्या सहली रद्द झाल्या की परत मागायला पैसा शिल्लक कोठे असतो? मग तडजोड निघते, ती अशी की रक्कम बुडाली नाही, ती पुढच्या प्रवासाच्या खाती जमा धरली. ज्याला लगेच रोकड हवी असते त्याला हा जुलूम वाटतो आणि त्याचे काही चुकत नाही. पण साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडेही द्यायला काही नसते, ही दुसरी बाजू त्या खिडकीपाशी कोणी सांगत नाही.

विमान कंपन्यांनी त्या दिवसांत श्रीनगरची तिकिटे रद्द करण्याचे वा बदलण्याचे शुल्क काही मुदतीपर्यंत माफ केले, जादा उड्डाणे सोडली, आणि भाडी वाढवू नयेत अशी ताकीद नागरी उड्डाण मंत्रालयाने दिली. विम्याची गोष्ट मात्र निराळी. प्रवासविम्याच्या अनेक दस्तऐवजांत दहशतवादी कृत्यांसाठी मर्यादा वा अपवाद घातलेला असतो, आणि केवळ मनाने कच खाल्ली म्हणून बेत मोडला तर भरपाई सहसा मिळत नाही. 'भीती' हे विम्याच्या भाषेत कारण ठरत नाही. जाण्याचा विचार करणाऱ्याने हा कागद पैसे भरण्यापूर्वी, बारीक टाइपासकट वाचावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

"लोक मला विचारतात, जावं का?" व्यवस्थापक म्हणाले. "मी विकणारा माणूस. माझ्या उत्तराला किंमत काय?" त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला.

सरकार काय सांगते

परदेशांत या कामी एक रीत पडून गेली आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशाला एक ते चार अशी पायरी देते; संपूर्ण भारताची पायरी दोन असते, पण जम्मू-काश्मीरला, लडाखचा काही भाग वगळून, 'प्रवास करू नये' ही चौथी पायरी लावलेली आहे आणि ती या हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ब्रिटनचे सरकारही पहलगाम, गुलमर्ग आणि सोनमर्ग यांची नावे घेऊन आपल्या नागरिकांना तिकडे न जाण्याचा सल्ला देत आले आहे. तो डावलून गेलेल्याचा विमा रद्दबातल ठरू शकतो.

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासासाठी अशी पायऱ्यांची व्यवस्था नाही. २ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरच्या गृहखात्याने यात्रेकरू आणि पर्यटक यांनी मुक्काम आटोपता घेऊन परत फिरावे असा आदेश काढला होता, तो स्पष्ट सरकारी शब्दाचा विरळा दाखला. या वेळी माणसांना 'येऊ नका' असे म्हटले गेले नाही. जागांना कुलपे लागली. एप्रिलअखेर खोऱ्यातील ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद करण्यात आली. पुढे मेमध्ये लष्करी संघर्ष झाला, श्रीनगरचा विमानतळ काही दिवस बंद राहिला, १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. २७ मे रोजी मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मंत्रिमंडळाची बैठकच पहलगामला घेतली, आणि १७ जूनपासून बेताब खोऱ्यासह काश्मीर व जम्मू या दोन्ही विभागांतील मिळून १६ स्थळे खुली झाली. बैसरन त्यांत नव्हते.

कुलपे आणि किल्ल्या यांचा हा क्रम हाच सामान्य प्रवाशाला उपलब्ध असलेला सर्वांत विश्वसनीय जाहीरनामा आहे, असे माझे मत झाले. भाषणात धीर दिला जातो. पण ज्या अंमलदाराला एखादे कुरण उघडण्याच्या आदेशावर सही करायची असते, तो त्या कुरणावर उद्या काही घडले तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल हे जाणून सही करतो.

लिद्दर नदीच्या काठी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी कटऱ्याहून नव्याने सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने श्रीनगरला गेलो. चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवर बांधलेला पूल आला तेव्हा डब्यातले सगळे प्रवासी उठून एका बाजूच्या खिडक्यांपाशी गेले, आणि क्षणार्धात पुन्हा बोगदा आला. श्रीनगरहून पहलगाम नव्वदेक किलोमीटर. वाटेत संगमपाशी रस्त्याच्या दोन्ही कडांना विलोच्या लाकडाच्या फळ्या जाळीदार मनोऱ्यांसारख्या रचून वाळत ठेवलेल्या होत्या. त्यांच्यापासून क्रिकेटच्या बॅटी होतात. दुकानांत माल भरलेला होता आणि दारात एकही गाडी उभी नव्हती. चौक्यांवर तीनदा ओळखपत्र पाहिले गेले. अमरनाथ यात्रा ३ जुलैला सुरू व्हायची होती, आणि नुनवनच्या तळाभोवतीचा बंदोबस्त पाहता आपण पर्यटनस्थळी आलो आहोत की छावणीत, असा संभ्रम पडावा.

मी उतरलो त्या हॉटेलात तीस खोल्यांपैकी चार भरल्या होत्या. मालकाने मला कोठी दाखवली. मराठी आचाऱ्यांच्या तुकडीने एप्रिलमध्ये घाईघाईने मागे टाकलेले सामान तिथे नीट लावून ठेवले होते: मोठाले कुकर, पोह्यांचे अर्धे पोते, आणि एक पत्र्याचा डबा, ज्यावर चिकटपट्टीवर निळ्या शाईने 'थालीपीठ भाजणी' असे लिहिले होते. झाकण उघडल्यावर खवट वास आला. "फेकू नका, असं मी पोरांना सांगितलं," मालक हिंदीत म्हणाला, "त्यांची अमानत आहे. येतील तेव्हा तेच ठरवतील."

घोड्यांचा अड्डा बाजाराच्या कडेला आहे. एरवी या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी साठ-सत्तर घोडी माना खाली घालून उभी होती आणि माणसे एका टपरीपाशी नून चहा पीत बसली होती. अड्ड्याचा कारभार ठरीव आहे. प्रत्येक घोडा नोंदवलेला, दराचा फलक लावलेला, आणि पाळी येईल त्याप्रमाणे सवारी मिळते. आरू, चंदनवाडी आणि बेताब येथे न्यायला गाडीदेखील स्थानिक युनियनचीच घ्यावी लागते. बाहेरून आलेल्या गाडीला तिकडे मुभा नाही. पर्यटकांना ही अडवणूक वाटते. पण एकाच हंगामावर अवघे वर्ष काढणाऱ्या गावाने मिळकत वाटून घेण्यासाठी लावलेली ती व्यवस्था आहे.

ज्याची पाळी होती तो पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. मी मुंबईकडचा म्हणताच तो उठला आणि घोड्याच्या पाठीवर थाप मारून मराठीत म्हणाला, "बसा काका, घाबरू नका." तीस वर्षे मराठी माणसांना घोड्यावर चढवून त्याने हे वाक्य कमावले होते. उच्चारल्यावर त्याच्याच ते ध्यानात आले असावे, कारण नंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

घोड्याला दिवसाला कोंडा, चणे आणि गवत लागते. सवारी नाही म्हणून घोड्याला रजा देता येत नाही, आणि विकायला काढावा तर अशा वर्षी घेणार कोण? त्याने दोनांपैकी एक घोडा खाली नातलगाकडे चरायला पाठवला होता. हे सगळे त्याने मी विचारल्यावर सांगितले, आपण होऊन नव्हे. मी खिशातून एका फेरीचे पैसे काढले आणि म्हणालो की मला बसायचे नाही, हे ठेवा. त्याने हात मागे घेतला. "सवारी के बगैर पैसा नहीं लेंगे, जनाब." तेव्हा मी बसलो. घोडा उंच होता. चढण्यासाठी तिथे एक सपाट दगड रोवलेला आहे, त्यावर पाय ठेवून मी वर गेलो, आणि तो लगाम धरून पुढे चालू लागला.

बैसरनची वाट जिथे फुटते तिथे अडसर आणि पहारा होता. आम्ही थांबलो. रान हिरवेगार होते आणि वर जाणारी पायवाट पावसाने धुऊन निघाली होती. त्या दुपारी खाली धावत येणाऱ्या माणसांना याच वाटेवर घोडेवाल्यांनी आधार दिला, जखमींना घोड्यांवर घातले; एका शालविक्रेत्याने एका पोराला पाठीवर घेऊन खाली आणले. आणि याच परिसरातील दोघांना, हल्लेखोरांना आश्रय दिल्याच्या आरोपावरून, मी पोचण्यापूर्वी थोडेच दिवस आधी, २२ जून रोजी, राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली होती. या दोन्ही गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिलीच सांगणारा भाबडा ठरतो, आणि दुसरीच सांगणारा त्या दगडापाशी उभ्या असलेल्या माणसावर अन्याय करतो. अटकेचा विषय मी काढला तेव्हा त्याने लगामाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. जो मारला गेला तो आमच्यातलाच घोडेवाला होता, एवढेच तो म्हणाला.

आकडे आणि नाव

जोखमीचा हिशेब मांडणारे सांगतात की भारतात २०२३ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली, सबब काश्मीरच्या भयापेक्षा विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे भय अधिक बाळगावे. गणित बरोबर आहे. काकूंच्या मनाचे त्याने समाधान होत नाही, आणि होऊ नये. ट्रक आंधळेपणाने अंगावर येतो. बैसरनवर माणसे निवडली गेली, त्यांना विचारून निवडली गेली. अशा भयाला अपघाताच्या मापाने मोजणे हा दुःखाचा अधिक्षेप आहे.

'मुंबईने काय केले ते पाहा,' असाही दाखला दिला जातो. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर कुलाब्याचे लिओपोल्ड काही दिवसांतच उघडले, ताजचा एक भाग २१ डिसेंबरला सुरू झाला; पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी १७ जणांचे प्राण गेले आणि ती जागा २०१३ मध्ये पुन्हा उघडली. हे सारे खरे आहे. परंतु जुलै २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चढणाऱ्याला कोणी पर्याय दिला नव्हता. त्याला कामावर जायचे होते. सहलीला जाणारा स्वेच्छेने जातो, न गेला तरी त्याचे काही अडत नाही. म्हणूनच त्याच्या जाण्याला अर्थ येतो, आणि म्हणूनच न जाणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष त्या कुरणावर पडला, त्या घराने काश्मीरचे नावही ऐकू नये असे म्हटले तर आपण मान खाली घालावी, बस.

परत येताना मला आपली एक जुनी रीत आठवत राहिली. कोणाच्या घरी मृत्यू घडला की आपण समाचाराला जातो. तिथे आपण शौर्य दाखवायला जात नाही, आणि 'आता तिथे जाऊन काय मिळणार' असेही म्हणत नाही. जोडे दाराबाहेर काढतो, मोठ्याने बोलत नाही, चहाही आग्रह झाल्याखेरीज घेत नाही. आणि काही दिवसांनी नातेवाईक नवे वस्त्र घेऊन त्या घरचा दुखवटा काढायला येतात, म्हणजे दुःख संपले असे नव्हे, तर चूल आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हावेत याला अनुमोदन देतात. २८ एप्रिलला विधानसभेत बोलताना ओमर अब्दुल्ला यांनी, पाहुण्यांना सुखरूप परत पाठवणे हे यजमान म्हणून आपले कर्तव्य होते आणि क्षमा मागायला शब्द नाहीत, या आशयाचे उद्गार काढले होते. यजमान आणि पाहुणे दोघेही दुखवट्यात असलेले असे घर मी अन्यत्र पाहिलेले नाही. तिथे जायचे तर ते समाचाराला जावे तसे जावे, असे मला वाटते. बैसरनच्या अडसरापाशी उभे राहून छायाचित्र काढण्यासाठी नव्हे.

पुन्हा ती बॅग

२८ जुलैला श्रीनगरजवळच्या हारवनच्या रानात तीन दहशतवादी मारले गेले आणि बैसरनचे हल्लेखोर हेच, असे दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. अमरनाथ यात्रेला चार लाखांवर यात्रेकरू गेले. ती नियोजित मुदतीच्या आधी थांबली ती पावसामुळे. ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला आणि सफरचंदांचे ट्रक दिवसचे दिवस अडकून पडले. माणसाने मारलेल्या खोऱ्यावर आकाशही कोसळावे, असे ते दिवस होते. सप्टेंबरच्या शेवटी आणखी बारा स्थळे उघडली, त्यांत आरूचे खोरेही होते.

त्याच सुमारास काकूंचा फोन आला. कंपनीने खाती जमा ठेवलेल्या रकमेवर नोव्हेंबरची तारीख मिळत होती, चिनारांची पाने लाल होतात तेव्हाची. सूनबाईंचा अजून विरोध होता, मुलगा गप्प होता, आणि काकांनी 'तू म्हणशील तसं' असे म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकला होता. मी काही सल्ला दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. सुंठवडा मात्र नवा करून घेणार होत्या. जुना बरणीत धरला होता.

"तो तुमचा घोडेवाला," त्या म्हणाल्या, "त्याला मी पैसे देईन. पण माझे गुडघे... मी काही बसणार नाही हो. नुसते दिले तर चालतील ना?"

मी त्यांना त्याचे उत्तर सांगितले. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज तेवढा येत होता.

"घोडा फार उंच आहे का?" त्यांनी विचारले.

चढायला दगड आहे, मी म्हणालो.